काल्हेरचं बोलावणं

मी चार दिवस भिवंडीला जाऊन आले असं सांगितलं, की आमच्या नगरमधली माणसं हमखास विचारतात, ‘गोदामात काही काम होतं का?’ कुणी महाबळेश्वरला गेलं तर फोटो मागतात, भिवंडीला गेलं तर काम विचारतात. काम नव्हतं हो, लग्न होतं. आणि त्या लग्नात मी जे ऐकलं, ते ऐकायला मी पुन्हा त्या ट्रकांच्या गर्दीतून चालत जाईन, गुडघे दुखत असले तरी.

आमच्या गायनवृंदाचे अमोलिक सर म्हणजे नगरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले संगीतकार. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. सरांनी आयुष्यभर एकच उद्योग केला. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स इथली लोकगीतं घ्यायची, त्यांना मराठी शब्द द्यायचे आणि चार आवाजांत बसवायची. स्वतः विलायतेला कधी गेले नाहीत. लहानपणी मिशनच्या दवाखान्यातली एक गोरी नर्स पट्ट्या धुताना गुणगुणायची. तिला यांनी विचारलं, हे गाणं कोणाचं? ती म्हणाली, कोणाचंच नाही. सर म्हणतात, त्या दिवसापासून मी कामाला लागलो.

त्यांचं म्हणणं असं, की दरबारातल्या गाण्याला मालक असतो, लोकगीताला नसतो. ज्याने ते रचलं तो स्वतःला पुसून गेला, म्हणून त्यात देवाला बसायला जागा उरली. तिकडचा कोळी आणि आपला कोळी एकाच देवाला हाका मारतात, बदलते ती फक्त भाषा. बसवणाऱ्याने त्या रिकाम्या जागेत आपलं सामान मांडायचं नाही. म्हणून सर कार्यक्रमपत्रिकेवर स्वतःचं नाव कधी छापू देत नाहीत. नुसतं ‘लोकगीत, इंग्लंड’ एवढंच लिहितात. मी आल्टोत गाते. आल्टो म्हणजे खालच्या पट्टीतल्या, ज्यांच्या वाट्याला चाल कधी येत नाही आणि मेहनत सगळी येते त्या बायका. मी एकदा म्हटलंही, ‘सर, सामान मांडायचं नाही म्हणता, मग आम्हाला एवढी ओझी का उचलायला लावता?’ सर हसले, पण ओझं काही कमी केलं नाही.

तर या सरांची मुलगी करुणा. ठाण्याला फिजिओथेरपिस्ट आहे. तिने भिवंडीजवळच्या काल्हेरच्या निलेशशी जमवलं. निलेश आगरी, घरची एके काळी भातशेती, आता त्याच जमिनीवर गोदामं. चर्चमधला विधी नगरला आटोपला होता. आता काल्हेरला हळद आणि मांडव, आणि मांडवात आमचा वृंद गाणार होता.

टेमघर

घाट, वळणं आणि दोघींच्या उलट्या यांबद्दल मी काही सांगत नाही. आमची उतरण्याची सोय भिवंडीतच टेमघरला एका हॉलमध्ये केली होती. गाडीतून उतरलो आणि वाटलं, पाऊस लागलाय. बाहेर तर कडक ऊन! मागच्या गल्लीत लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालू होते, त्यांचा तो आवाज. भिंतीला हात लावला तर भिंतसुद्धा बारीक थरथरत होती. चहावाल्याला विचारलं, ‘हे बंद कधी होतं?’ तो म्हणाला, ‘शिफ्ट बदलती है मौसी, लूम नहीं बदलता.’ आणि मग अस्खलित मराठीत, ‘साखर कमी टाकू का?’

सरांना तर देव भेटल्यासारखं झालं. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, डोळे मिटून, लूमच्या तालावर बोटं हलवत. आत एक उत्तर प्रदेशी कामगार होता, त्याने हातानेच विचारलं, काय पाहिजे? सरांनी हातानेच सांगितलं, काही नाही, ऐकतोय. त्या बिचाऱ्याने आमच्याकडे बघून मान हलवली, म्हातारा गेला कामातून, अशी. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

काल्हेर, हळदीची दुपार

टेमघर ते काल्हेर अंतर काही फार नाही, पण वाटेत एवढे कंटेनर उभे, की शेवटचा तुकडा आम्ही गाडी सोडून चालतच गेलो. दोन्ही बाजूंना पत्र्याची उंचच उंच गोदामं, मधून एखादी गल्ली फुटते, आणि गल्लीत शिरलं की एकदम गाव. देऊळ, नवे बंगले, पाठीमागे खाडी. आम्ही सगळ्याजणी वृंदाच्या गणवेशात, म्हणजे निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांत. फाटकातच एका म्हातारीने कपाळाला हात लावला. ‘आगो बाय, कोन गेला?’

झालं! हळदीच्या घरी पांढऱ्या साड्या नेसून आम्ही रांगेने हजर. निलेशची आई मंदाताई मोठी दिलखुलास बाई, पोट धरून हसली आणि कपाट उघडून बसली. अर्ध्या तासात वृंदातल्या आम्ही सगळ्याजणी पिवळ्या साड्यांत. आमच्याकडे पाहुण्यांना पाणी विचारतात, इथे साडीच नेसवली.

जेवणाचं काय सांगू! आम्ही बाजरीच्या भाकरीवर वाढलेली माणसं. तांदळाची भाकरी एवढी पांढरी, एवढी मऊ आणि ताटाएवढी असते हे मला ठाऊक नव्हतं. तिच्याबरोबर खाडीतले निवटे. निवटा म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. मी आधी तोंड वाकडं केलं, मग तीनदा मागून घेतला. मंदाताई म्हणाली, ‘खा गो, लाजू नको. आता खाडीन पन मिलत न्हाईत पयल्यासारं.’

जेवणं झाल्यावर ओटीवर तालीम. गाणं सरांचं लाडकं, त्या नर्सकडूनच आलेलं. तिकडे लांब उत्तरेला समुद्र आत शिरतो, तिथल्या कोळणींचं. नवरीला होडीतून पलीकडच्या काठाला नेतात आणि ती नावाड्याला विनवते. सरांचे शब्द असे: ‘हळू ने नावाड्या, हळू ने रे, काठावर माझी माय उभी.’ शेवटचा सूर आम्ही चौघी आल्टो धरून ठेवतो आणि तो विरतो कधी, ते आमचं आम्हालाही कळत नाही.

त्या दिवशी तो सूर छान विरला. सर डोळे मिटून उभे. तेवढ्यात करुणा चहाचा ट्रे घेऊन आली आणि त्यांच्याजवळ उभी राहिली. दारात हिराबाय आलेल्या. हिराबाय म्हणजे निलेशच्या वडिलांची आत्या, आणि त्याहून मोठं म्हणजे गावची धवलारीण. आगरी लग्नात ही बाई मांडवात बसून धवला गाते. देवांना, पितरांना, दोन्ही घरच्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलावते. भटजी असो नसो, ती हवीच. ठेंगणी, काळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नजर अशी, की मी आपोआप पदर सावरला. त्या नवरीकडची नावं विचारायला आल्या होत्या. करुणाला त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. हनुवटीने तिच्याकडे दाखवून त्यांनी सरांना विचारलं, ‘आनि ही कोनाची?’

सरांचे डोळे मिटलेलेच. त्यांना वाटलं, चाल कोणाची, असं विचारतायत!

‘ही?’ सर म्हणाले, चेहऱ्यावर तेज. ‘ही कोणाचीच नाही, बाई. हिला जन्म कोणी दिला, कोणालाच ठाऊक नाही. कोणीतरी मागे टाकून गेलं, लोकांनी उचलली. अशीच लोकांत वाढली. मी आपले हिला चार बरे कपडे घातले, एवढंच. खरं तर त्यातच हिची थोरवी आहे.’

हिराबाय वळल्या आणि तडक आत गेल्या. निलेश खांबाला टेकून उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक.

सर बोलले ते चालीबद्दल, पण ते करुणाबद्दलही शब्दन् शब्द खरं होतं. सर आणि त्यांची बायको लीलाबाई यांना मूल नव्हतं. लीलाबाईंना जाऊन आता काही वर्षं झाली; त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. एक बाई तिथे बाळंत झाली आणि नाव-गाव न सांगता पोर ठेवून निघून गेली. ती पोर यांनी कायदेशीर दत्तक घेतली. आम्हा नगरवाल्यांना हे सगळं ठाऊक. निलेशलाही ठाऊक. ‘घरी मी सांगेन’ म्हणाला होता म्हणे. पठ्ठ्याने सांगितलं नव्हतं.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. ‘अहो मंदाताई, सर गाण्याच्या चालीबद्दल बोलत होते! चाल कोणाची ते ठाऊक नाही, असं! त्यांना वाटलं हिराबाय चालीचं विचारतायत!’

मंदाताई जी हसत सुटली! हिराबायही हसल्या, तोंडाला पदर लावून. ‘आगो माजे बाय! मना वाटलं पोरच टाकलेली!’ सगळं स्वयंपाकघर हसायला लागलं. मी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या मते विषय तिथे मिटला होता.

‘मावशी, थांब,’ करुणा मागे उभी होती. ट्रे खाली ठेवून ती हिराबायना म्हणाली, ‘आत्या, बाबा चालीबद्दलच बोलले. पण माझंही तसंच आहे. मला जन्म दिला ती आई कोण, मला माहीत नाही. दवाखान्यात ठेवून गेली. बाबांनी आणि लीलाआईने वाढवलं. हसण्यावारी नेऊन मला मांडवात बसायचं नाहीये.’

देवा! मी त्या पोरीला लहानपणापासून ओळखते, पण त्या क्षणी मला तिची भीती वाटली, एवढी ती सरळ उभी होती.

मंदाताई निलेशकडे वळली. ‘तुला ठाव व्हता?’

‘हो.’

‘मंग तोंड शिवलं व्हतं का?’ एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून तव्यावरची भाकरी उलटायला लागली. भाकरी करपली होती.

सर तोवर आत आले होते. काय घडलं ते कळून चुकलं होतं त्यांना. हात जोडून म्हणाले, ‘लीलाचं नाव घ्या बाई. आई तीच.’

‘तिचा घेनारच,’ हिराबाय म्हणाल्या. ‘पन जल्म देनारीला इसरून धवला कसा गाऊ? आमच्यान तसा चालत न्हाय. मांडवान मी जा गान, ता अख्खा गाव आयकतंय. खोटा नाव घेतला तं देव यायचं न्हाईत. मदी जागा सोडली तं उद्यापासून लोका बोट दाखवतील, या पोरीवर.’

‘मग?’ मी विचारलं.

‘बगताव,’ म्हणाल्या, आणि चपला घालून गेल्या.

खाडीवर, संध्याकाळी

हळद लागली. डीजेचा ट्रक आला, गाव नाचलं, आमच्या वृंदातले, खर्जात गाणारे बेसवाले काकासुद्धा नाचले. मंदाताई सगळं रीतसर करत होती, पण तिचं मघाचं हसू कुठेच नव्हतं. मला ते जास्त लागलं. ती भांडली असती तर मी समजूत तरी घातली असती.

सर दिसेनात म्हणून मी शोधत घरामागे गेले. खाडीच्या बांधावर बसले होते. समोर काळपट पाणी, तिवरांची झाडं, पलीकडे ठाण्याचे दिवे लागत होते. पाणी उतरलेलं आणि चिखलाचा तो विशिष्ट वास.

‘शेटेबाई,’ सर म्हणाले, ‘मी जन्मभर सांगत आलो, नाव नसणं ही थोर गोष्ट आहे. गाण्याला बाप नाही म्हणून ते सगळ्यांचं. टाळ्या घेतल्या यावर. आणि माझ्या पोरीला उद्या नाव नाही म्हणून मांडवात मान खाली घालावी लागणार.’

‘तिने मान घातली नाही खाली, सर. तुम्ही बघितलं नाहीत.’

‘बघितलं. म्हणूनच घाबरलोय.’

मी शेजारी जाऊन बसले. पिवळ्या साडीला चिखल लागला, ते मंदाताईला कसं सांगायचं याचीही काळजी होतीच.

मांडव

दुसऱ्या दिवशी मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. उंबराची फांदी, आंब्याचे टहाळे, आणि मधोमध पाटांवर दोघं. हिराबाय जमिनीवर पाय दुमडून बसल्या, मागे दोन बायका. माईक त्यांनी हाताने बाजूला सारला. पेटी नाही, तबला नाही, कुणी सूर दिला नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि थेट गायला सुरुवात केली.

आवाज गोड म्हणावा असा नव्हता. खडबडीत, नाकातला, आणि इतका पक्का की त्याच्यावर घर बांधावं. एक ओळ त्या म्हणायच्या, मागच्या दोघी उचलायच्या. पहिलं बोलावणं गावदेवीला. मग एकवीरेला. मग खाडीला, शेतांना, जी शेतं आता गोदामांच्या खाली गेली त्यांनाही, एकेकाचं नाव घेऊन. निलेशचे आजे, पणजे, आज्या. प्रत्येकाला हाक, प्रत्येकाला बसायला जागा. अंगावर काटा आला माझ्या. मी चाळीस वर्षं गातेय, पण माझ्या गाण्याने कुणी उठून यावं, अशी माझी कधी अपेक्षाच नव्हती. ही बाई मात्र माणसं येणारच या खात्रीने गात होती.

मग नवरीकडची बाजू आली. येशूदेवाला बोलावलं, अगदी सहज, शेजारच्या गावच्या पाव्हण्याला बोलवावं तसं. लीलाबाईंना बोलावलं, ‘जिनं न्हानी मोठी केली’ असं म्हणून. सरांचं नाव घेतलं, पूर्ण नाव. सरांनी हाताने ‘नको नको’ केलं, सवयच ती, पण तिकडे कोण बघतंय!

आणि मग हिराबाय थांबल्या.

करुणाने डोळे मिटले. कुणीतरी माझा हात घट्ट धरला, बघते तर सर. सगळ्या मांडवाला कळत होतं की इथे एक नाव यायचंय. कालची गोष्ट तोवर घरोघर पोचलेली, काही बायका एकमेकींकडे बघायलाही लागल्या होत्या. मी मनात म्हणत होते, बाई, घ्या काहीतरी, कुठलंही नाव घ्या!

हिराबायनी मान वर केली आणि आधीपेक्षा मोठ्याने म्हटलं,

‘एक बाय हाय गो, तिचा नाव ना गवसला,
नाव ना गवसला, गाव ना गवसला.
तुजे लेकीला हलद लागली गो, हलद लागली,
जे वाटे गेलीस, ते वाटे ये गो बाय.’

मागच्या दोघींना ही ओळ ठाऊक नव्हती. त्या अडखळल्या. मग एकीने उचलली, मग दुसरीने, आणि मग मांडवातल्या बायका, एक एक करत, सगळ्या. ‘जे वाटे गेलीस, ते वाटे ये गो बाय.’ लपवलं नाही, सावरून घेतलं नाही. सगळ्या गावासमोर, देवांच्या रांगेत त्या बाईला हाक मारली. रागाचा एक शब्द नाही. का गेलीस, असा प्रश्न नाही. नुसतं ये.

मंदाताई उठली. आतून एक पाट घेऊन आली, लीलाबाईंच्या नावाने मांडलेल्या पाटाशेजारी ठेवला. त्यावर कोरी हिरवी साडी ठेवली, खण, नारळ, हळदकुंकू. पाट तिने अगदी बरोबर रांगेत सरकवला. मग करुणाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, ‘रडू नको गो पोरी. आयली ती.’

आणि मग करुणा रडली. लहान मुलासारखी, मोठ्याने. मीही रडले, आमचा अख्खा वृंद रडला. गायचं होतं आम्हाला त्यानंतर! सरांनी हात वर केला खरा, पण तो तसाच राहिला. शेवटी मीच सूर दिला. आल्टोने सूर दिलाय असं आमच्या वृंदात प्रथमच घडलं. ‘काठावर माझी माय उभी’ या ओळीला माझा आवाज फुटला, आणि तिथून पुढे काल्हेरच्या बायकांनीच ‘हळू ने रे’ उचलून धरलं, त्यांच्या सुरात, आमच्या चारही आवाजांच्या बाहेर. विलायतेच्या त्या कोळणींना ते चाललं असतं असं मला वाटतं.

परतीच्या आधी

निघायच्या दिवशी सर लवकर तयार होऊन हॉलच्या पायरीवर बसले होते. मागे लूम चालूच. मी चहा घेऊन गेले आणि जे गेले दोन दिवस ओठांवर होतं ते विचारलं, ‘सर, तो धवला बसवायचा ना आपण? चार आवाजांत? कसला सुंदर होईल!’

सरांनी कप पायरीवर ठेवला.

‘नाही.’

‘का? लोकगीतच तर आहे. सगळ्यांचं.’

‘ते गाणं नाही, शेटेबाई. ते बोलावणं आहे. करुणाच्या आईला केलेलं. दुसऱ्याच्या आईला केलेलं बोलावणं आपण टाळ्यांसाठी कसं म्हणायचं?’

‘पण त्यात तर नावसुद्धा नाही.’

‘जिला हाक मारली, तिला कळतं,’ सर म्हणाले, आणि उठून गाडीकडे चालायला लागले.